पावसाळ्यात बसणारी यील्ड : पॅलेडियमने इंडोलचे वलय बांधताना वारंवार येणारी अडचण

धातूच्या उत्प्रेरकाने ॲरोमॅटिक वलय बांधण्याच्या पद्धतींवर काम करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. अभिक्रिया तीच, प्रमाणे तीच, वहीतली नोंदही तीच असते, आणि तरीही यील्ड (जितका पदार्थ मिळायला हवा त्यातला प्रत्यक्ष मिळालेला टक्का) एका आठवड्यात सत्तर टक्क्यांच्या वर जाते व पुढच्या आठवड्यात तिशीच्या आत येऊन बसते. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत हा प्रकार सलग तीन पावसाळे घडला. पहिल्या वर्षी आम्ही उत्प्रेरकाला दोष दिला, दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला, आणि तिसऱ्या वर्षी तराजूसमोर उभे राहिल्यावर खरा दोष सापडला. ज्यांचे काम आज याच जागी अडलेले आहे त्यांच्यासाठी आमचा शोध कोणत्या क्रमाने गेला आणि तो कोणत्या क्रमाने जायला हवा होता, हे येथे लिहीत आहे.

अभिक्रिया लॅरॉक यांची आहे. १९९१ मध्ये त्यांनी ऑर्थो-आयडोॲनिलीन (ज्या ॲनिलीनमध्ये नायट्रोजनच्या शेजारच्या जागी आयोडीन असते ते) आणि दोन्ही टोके झाकलेले अल्काईन यांच्यापासून पॅलेडियमच्या उपस्थितीत एकाच पायरीत इंडोल (बेंझीनच्या वलयाला नायट्रोजनयुक्त पाच अणूंचे वलय जोडलेला रेणू) मिळवण्याची रीत प्रसिद्ध केली. आमच्याकडे अल्काईन म्हणून डायफिनाइल ॲसिटिलीन असते आणि त्यापासून २,३-डायफिनाइल इंडोल मिळते. १ मिलीमोलच्या प्रयोगाला आयडोॲनिलीन २१९ मिलीग्रॅम, पॅलेडियम ॲसिटेट ५ मोल टक्के (दर शंभर रेणूंमागे पाच) म्हणजे ११.२ मिलीग्रॅम, लिथियम क्लोराइड एक सममूल्य (आयडोॲनिलीनच्या एका रेणूमागे एक) म्हणजे ४२.४ मिलीग्रॅम, त्याखेरीज कार्बोनेट हा बेस, द्रावक डायमेथिल फॉर्मामाइड (डीएमएफ) आणि तापमान १०० अंश सेल्सिअस, एवढाच पसारा लागतो. फॉस्फिनसारखा वेगळा लिगंड (धातूला धरून ठेवणारा रेणू) बहुधा लागत नाही. हीच या पद्धतीची सोय आहे आणि तिची दुखरी नसही हीच आहे.

याचे कारण कळण्यासाठी फ्लास्कमध्ये काय चालते ते थोडक्यात पाहावे लागेल. दोन धन भाराचे पॅलेडियम आधी क्षपित होऊन शून्य अवस्थेत येते, मग ते कार्बन-आयोडीन बंधात शिरते, नंतर अल्काईन त्या नव्या कार्बन-पॅलेडियम बंधात सामावले जाते, शेजारचा नायट्रोजन पॅलेडियमवरच्या हॅलाइडला हटवून धातूसकट सहा अणूंचे वलय पूर्ण करतो, आणि शेवटी धातू बाहेर पडून पाच अणूंचे वलय मिटते. बाहेर पडलेले पॅलेडियम पुन्हा शून्य अवस्थेत असते आणि त्याने पुढच्या आयडोॲनिलीनला गाठावे अशी अपेक्षा असते. या मधल्या काळात त्याला आधार देणारा लिगंड फ्लास्कमध्ये नसतो. जो काही आधार असतो तो क्लोराइडचा. तो कमी पडला की पॅलेडियमचे अणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि काचेच्या आतल्या बाजूला काळा आरसा धरतो.

त्या काळ्या आरशाबद्दल एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. काळे पॅलेडियम दिसले म्हणजे अभिक्रिया बिघडली, असे नव्या विद्यार्थ्याला वाटते. वस्तुतः सगळे आयडोॲनिलीन संपल्यावर पॅलेडियमला जायला जागाच उरत नाही, म्हणून शेवटी ते काळे पडणे स्वाभाविक आहे. प्रश्न ते केव्हा काळे पडले हा आहे. चार-सहा तासांनी काळे झाले तर काम झालेले असण्याची शक्यता असते, पण पहिल्या वीस मिनिटांतच फ्लास्क काळा झाला तर पुढचे तेवीस तास ऑइल बाथ तापवणे म्हणजे नुसती वीज जाळणे आहे. आमच्या वहीत त्यामुळे 'काळे पडल्याची वेळ' असा वेगळा रकाना आहे, आणि यील्डच्या आकड्याइतकेच महत्त्व मी त्याला देतो.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो. फ्लास्क लवकर काळा होतो म्हणून विद्यार्थी उत्प्रेरक ५ वरून १० टक्क्यांवर नेतो आणि अवस्था आणखी बिघडते. पुंजके होण्याची क्रिया धातूच्या संहतीवर अवलंबून असते, आणि धातू जितका दाट तितकी ती वेगाने होते. हेक अभिक्रियेत (पॅलेडियमनेच कार्बन-कार्बन बंध जोडण्याच्या दुसऱ्या एका पद्धतीत) डी फ्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याच गोष्टीचा उपयोग करून लिगंडविरहित पॅलेडियम ०.१ टक्का किंवा त्याहूनही कमी वापरले आणि त्या प्रमाणाला गमतीने 'होमिओपॅथिक' म्हटले. आमची अभिक्रिया वेगळी आहे, तेव्हा तितके खाली उतरता येईलच असे नाही, परंतु काळे पडण्यावर उपाय म्हणून पॅलेडियम वाढवण्याआधी एकदा ते निम्मे करून पाहावे. हा प्रयोग स्वस्तही पडतो.

यील्ड बसल्यावर सर्वांत आधी हात घालायचा तो कच्च्या मिश्रणाला. कॉलम काढून (सिलिकाच्या नळीतून पदार्थ वेगळे करून) जे हाती येते ती यील्ड कॉलमची असते, अभिक्रियेची नव्हे. मिश्रण सेलाइट या गाळण्याच्या भुकटीतून गाळून त्यात १,३,५-ट्रायमेथॉक्सी बेंझीन मोजून टाकावे आणि एनएमआर (रेणूतले हायड्रोजन ओळखणारा व मोजणारा वर्णपट) घ्यावा. त्या बेंझीनची ६.१ आणि ३.८ पीपीएमच्या आसपासची दोन एकेरी शिखरे बाकीच्या गर्दीत लगेच ओळखू येतात आणि त्यांच्याशी तुलना करून इंडोल, उरलेले अल्काईन आणि उरलेले आयडोॲनिलीन या तिन्हींचा हिशेब लागतो. इंडोलच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन क्लोरोफॉर्ममध्ये ८.२ च्या जवळ पसरट दिसतो. आमच्यासारख्या ठिकाणी एनएमआरचा नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो आणि उत्तर यायला आठवडा जातो, म्हणून तोवरच्या कामासाठी टीएलसी (पातळ थरावर मिश्रणाचे ठिपके वेगळे करण्याची चाचणी) नीट वाचायला शिकणे भाग आहे. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली हे इंडोल निळे चमकते, आयडोॲनिलीन तसे चमकत नाही. त्यामुळे दोन्ही ठिपके जवळजवळ असले तरी गोंधळ होत नाही.

कच्च्या मिश्रणाचा हिशेब मांडल्यावर साधारणपणे तीनांपैकी एक चित्र दिसते. आयडोॲनिलीन आणि अल्काईन दोन्ही उरलेले असतील आणि फ्लास्क लवकर काळा पडला असेल, तर उत्प्रेरक मेला आहे. दोन्ही उरलेले असून फ्लास्क काळा पडलाच नसेल, तर उत्प्रेरक जागाच झालेला नाही किंवा तापमान व ढवळणे यांत खोट आहे. आयडोॲनिलीन संपले, अल्काईन मात्र बरेच उरले आणि इंडोलही बेताचे मिळाले, असे असेल तर आयोडीनच्या जागी हायड्रोजन येऊन साधे ॲनिलीन झाले आहे का ते पाहावे. या तिन्ही दोषांची कारणे वेगळी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. आम्ही दोन वर्षे नेमके हेच विसरलो होतो. यील्डचा एकच आकडा पाहून कधी बेस बदलला, कधी द्रावक बदलला, आणि डळमळत्या पायावर अनुकूलनाचा वीस ओळींचा तक्ता उभा केला. तो संपूर्ण तक्ता पुढे रद्द करावा लागला.

तराजूवर काय दिसले

तिसऱ्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. एका विद्यार्थिनीचे प्रयोग नीट येत होते आणि दुसऱ्या विद्यार्थ्याचे येत नव्हते, हे महिनाभर चालले होते. दोघे एकच बाटली वापरत. अखेर मी त्या विद्यार्थ्याच्या मागे उभा राहून त्याचे तोलणे पाहू लागलो. त्याने लिथियम क्लोराइड घड्याळकाचेवर घेतले, आकडा ४२.४ वर आणला आणि काच उचलण्याआधी वहीत नोंद करू लागला. तेवढ्यात आकडा ४२.७ झाला, मग ४३.१. "सर, हा आकडा थांबतच नाही बघा," तो म्हणाला. तसा तो रोजच थांबत नव्हता, आणि तराजू जुना झाला असे समजून तो पहिला आकडा लिहून मोकळा होत असे. मी काच तशीच ठेवायला सांगितली. दहा मिनिटांत पांढऱ्या भुकटीची कड काचेसारखी पारदर्शक झाली आणि अर्ध्या तासात तिथे एक थेंब उरला.

लिथियम क्लोराइड हवेतले पाणी ओढते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. ते किती ओढते याची मात्र कल्पना नसते. त्याच्या संपृक्त द्रावणावरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता २५ अंशांना साधारण ११ टक्के असते. याचा अर्थ, हवेत त्याहून अधिक आर्द्रता असली की ते पाणी घेतच राहते. श्रावणातल्या हवेचे तर बोलायलाच नको, पण मराठवाड्याच्या वैशाखातली कोरडीठाक हवादेखील बहुधा याहून दमटच असते. उन्हाळ्यात हे ओढणे संथ असते, म्हणून आमची चूक मेमध्ये झाकली जात होती आणि जुलैत उघडी पडत होती.

आता हिशेब पाहा. बाटलीतले लिथियम क्लोराइड एक रेणू पाणी घेऊन मोनोहायड्रेट झाले असेल, तर त्याचा रेणुभार ४२.४ वरून ६०.४ होतो. म्हणजे ४२.४ मिलीग्रॅम म्हणून तोललेल्या पदार्थात खरे लिथियम क्लोराइड ३० मिलीग्रॅमच्या जवळपास असते आणि एक सममूल्याऐवजी ०.७ सममूल्य पडते. बाटलीच्या तोंडाशी ते पार पाझरलेले असेल तर निम्म्याहूनही कमी. विद्यार्थिनी चमचा खाली खुपसून तळचा कोरडा भाग घेत असे, विद्यार्थी वरवरचा ओला भाग घेत असे. एकाच बाटलीतून दोन वेगवेगळ्या अभिक्रिया निघत होत्या.

डेसिकेटर होता की नाही, असे कोणी विचारेल. होता, आणि बाटली त्यातच होती. त्यातली निळी सिलिका जेल केव्हाची गुलाबी होऊन बसली होती, एवढेच. रोज समोर दिसणारी वस्तू दिसेनाशी होते, तसे ते झाले होते.

दोष क्लोराइडच्या तुटीचा की सोबत आलेल्या पाण्याचा, हे ठरवण्यासाठी आम्ही एकाच दिवशी चार फ्लास्क लावले. पहिल्यात कोरडे लिथियम क्लोराइड, दुसऱ्यात बाटलीच्या वरच्या थरातले ओले, तिसऱ्यात कोरडेच पण वरून सिरिंजने मोजून टाकलेले पाणी, आणि चौथ्यात क्लोराइड मुळीच नाही. चौथा वीस मिनिटांत काळा झाला आणि दुसरा तासाभरात. पहिला आणि तिसरा संध्याकाळपर्यंत तांबूस राहिले आणि त्यांच्या यील्डमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. आमच्या पदार्थांपुरते तरी पाणी निर्दोष ठरले आणि दोष क्लोराइडच्या तुटीवर आला. कोरडेपणाच्या हट्टापायी डीएमएफ तीन-तीनदा ऊर्ध्वपातित करण्यात गेलेले दिवस आठवून त्या संध्याकाळी मला स्वतःचाच राग आला.

उपाय साधा आहे. लिथियम क्लोराइड अंदाजाने, किंचित जास्तच, रिकाम्या तोललेल्या फ्लास्कमध्ये घ्यावे, निर्वाताखाली हीट गनने ते पुन्हा सैल भुकटी होईपर्यंत तापवावे, नायट्रोजन सोडून थंड करावे आणि मग फ्लास्क पुन्हा तोलावा. जे वजन येईल ते एक सममूल्य धरून बाकीचे पदार्थ त्या प्रमाणात घ्यावेत. म्हणजे हिशेब क्लोराइडवरून आयडोॲनिलीनकडे करायचा, उलट नव्हे. रोज हे करणे जमत नसेल तर १५० अंशांना निर्वाताखाली रात्रभर वाळवलेला माल एकेका ग्रॅमच्या लहान कुप्यांत भरून ठेवावा आणि उघडलेली कुपी त्याच दिवशी संपवावी. लिथियम क्लोराइडऐवजी टेट्राब्यूटिल अमोनियम क्लोराइड वापरून सुटका होईल असे वाटत असेल तर तेही तितकेच पाणीपिपासू आहे.

उरलेले संशयित

क्लोराइड सावरल्यावर आमची बहुतेक तक्रार मिटली, पण सगळी नाही. ॲनिलीन दिसण्याचा जो तिसरा दोष वर सांगितला, त्याचे मूळ डीएमएफमध्ये निघाले. जुने डीएमएफ हळूहळू विघटित होऊन डायमेथिल अमाईन देते, आणि हे अमाईन पॅलेडियमला हायड्राइड पुरवून आयोडीनची जागा हायड्रोजनला देऊ शकते. बाटलीच्या तोंडाशी ओला तांबडा लिटमस धरला आणि तो निळा झाला, किंवा झाकण काढताच मासळीबाजाराची आठवण झाली, तर ते डीएमएफ भांडी धुण्यापुरतेच समजावे. ऊर्ध्वपातन करायचे ते कमी दाबाखालीच करावे, कारण १५३ या उत्कलनबिंदूपर्यंत तापवले की ते पुन्हा थोडे फुटतेच. मॉलिक्युलर सीव्हज (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) वापरत असाल तर ते ११० अंशांच्या नेहमीच्या ओव्हनमध्ये सक्रिय होत नाहीत. त्यांना ३०० अंशांच्या जवळपास काही तास ठेवावे लागते, म्हणजे मफल भट्टीच लागते.

पॅलेडियम ॲसिटेटबद्दलही थोडे. बाजारात मिळणाऱ्या मालात तीन पॅलेडियमच्या शुद्ध त्रिकुटाबरोबर एका ॲसिटेटच्या जागी नायट्राइट बसलेला प्रकार आणि न विरघळणारा बहुवारिक प्रकार असू शकतो, हे आता चांगले माहीत झालेले आहे. नवी बाटली आली की चिमूटभर टोल्युईनमध्ये टाकून पाहावी, आणि तळाशी गाळ राहिला तर तो लॉट वहीत वेगळा नोंदवावा. आमच्या बाबतीत हा संशय खोटा निघाला, पण पहिल्या वर्षी नव्या बाटलीवर पैसे घालवण्याआधी ही पाच मिनिटांची चाचणी केली असती तर बरे झाले असते.

वीज आणि पाणी हे आमच्या भागाचे खास विषय. वीज गेली की ऑइल बाथ लगेच थंड होत नाही, पण ढवळणे मात्र त्याच क्षणी थांबते, आणि डीएमएफमध्ये जवळजवळ न विरघळणारे कार्बोनेट तळाशी बसते. वीज परत आल्यावर काही हॉट प्लेट आपणहून सुरू होत नाहीत. सकाळी येऊन पाहावे तर बाथ थंड, फ्लास्क अर्धवट आणि वहीत मात्र '२४ तास' असे लिहून ठेवलेले. रात्रभराचे प्रयोग आम्ही म्हणूनच बंद केले. ही अभिक्रिया सकाळी लावून संध्याकाळी उतरवता येते. कंडेन्सरच्या पाण्याचे म्हणाल तर, ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे नळाचे पाणी दिवसभर कंडेन्सरमधून मोरीत सोडणे मनाला पटत नाही, आणि दुपारी टाकी रिकामी झाली की ते सोडताही येत नाही. कूलरचा छोटा पंप पाण्याच्या टबात सोडून तेच पाणी फिरवावे, हा उपाय आपल्याकडे सर्वत्र चालतो. या अभिक्रियेला मात्र तोही नको, कारण १०० अंशांना डीएमएफ उकळत नाही आणि जाड काचेची झाकणबंद नळी पुरते. एवढेच लक्षात असू द्यावे की सुटणारे आम्ल कार्बोनेटशी मिळून १ मिलीमोलमागे फार तर अर्धा मिलीमोल, म्हणजे साधारण १२ मिलीलीटर कार्बन डायऑक्साइड देते. लहान प्रयोगाला त्याचे काही नाही, पण दहापट मोठ्या प्रयोगाला नळी बंद करू नये, फुगा लावावा.

शेवटचा संशयित ढवळण्याचा चुंबक, ज्याला प्रयोगशाळेत सगळे नुसते 'बीड' म्हणतात आणि बीड जिल्ह्यातून आलेल्या विद्यार्थ्याची त्यावरून दर वर्षी नव्याने थट्टा होते. वापरलेल्या चुंबकाच्या टेफ्लॉनवर बारीक चरे पडतात आणि त्यांत पॅलेडियम अडकून राहते. २०१९ मध्ये अनानिकोव्ह यांच्या गटाने अशा चुंबकांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून दाखवले की नेहमीच्या धुण्याने हा धातू जात नाही आणि पुढच्या अभिक्रियेत तो काम करू शकतो. पद्धत विकसित करणाऱ्यासाठी हा धोका उलट दिशेचा आहे, कारण त्याने यील्ड घटत नाही तर खोटी वाढते. आमचा एक विद्यार्थी पॅलेडियमऐवजी स्वस्त लोखंडाचे क्षार वापरून हेच वलय बांधता येते का ते पाहत होता, आणि एके दिवशी त्याला बऱ्यापैकी इंडोल मिळाले. आनंद दोन दिवस टिकला. नव्या फ्लास्कमध्ये नवा चुंबक टाकल्यावर काहीच मिळाले नाही. अशा फसगती मोठमोठ्या गटांच्याही झालेल्या आहेत. लेडबीटर यांच्या गटाने २००३ मध्ये धातूशिवाय सुझुकी अभिक्रिया (एरवी पॅलेडियमने कार्बन-कार्बन बंध जोडणारी) होते असे प्रसिद्ध केले आणि २००५ मध्ये त्यांनीच पुन्हा तपासून सांगितले की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात सुमारे ५० भाग इतके पॅलेडियम होते आणि तेवढेच काम करत होते. चूक स्वतःच शोधून छापण्याचा तो प्रामाणिकपणा मला मूळ दाव्यापेक्षा मोठा वाटतो. आम्ही आता दर बेससाठी आणि दर नव्या लॉटसाठी एक प्रयोग उत्प्रेरकाशिवाय, कोऱ्या काचेत आणि कोऱ्या चुंबकाने लावतो, आणि पॅलेडियमचे चुंबक वेगळ्या डब्यात ठेवतो.

तराजूशेजारी आता एक छोटा आर्द्रतामापक चिकटवलेला आहे आणि वहीत तारखेच्या बाजूला त्याचा आकडा लिहिला जातो. तो ६० च्या वर असेल तर लिथियम क्लोराइडची कुपी कोणी उघडत नाही. त्या दिवशी जुनी कच्ची मिश्रणे काढून कॉलम लावायचे, असे ठरलेले आहे.